बेगिमची धून

तोल्किन घरजावई होता, आणि सासू सालोमत त्याला हे विसरू देत नसे. ताश्कंदच्या जुन्या वस्तीतल्या तिच्या घरात राहून तो बाहुल्यांच्या नाटकांना संगीत देत होता आणि तिच्या हातचं खात होता. "आमच्या जावईबुवांचं काम म्हणजे लाकडी गाढव नाचवणं," असं ती आल्यागेल्याला सांगे. भांडणात सरशी झाली की ती पीठ मळायला बसे आणि एक धून गुणगुणे. सरशी नेहमी तिचीच होई. ती धून कानावर पडली की तोल्किनच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

पुढे त्याला टीव्ही मालिकेचं काम मिळालं. निर्माता म्हणाला, "खाष्ट सासू पडद्यावर आली की बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे, अशी धून दे." तोल्किनला विचारच करावा लागला नाही. सालोमतची धून त्याने जशीच्या तशी उचलली आणि खालच्या सुरात घिजाकच्या तारांवर वाजवून घेतली. मालिका तुफान चालली. बेगिम नावाची ती सासू सुनेच्या चहात मीठ कालवी आणि धून वाजे. गल्लीतली पोरं ती शिट्टीवर वाजवू लागली. मुलाखतीत तोल्किन सांगे, "एका पहाटे आपोआप सुचली." खरं तर त्याला आतून गुदगुल्या होत होत्या.

सालोमतने ती धून पहिल्याच भागात ओळखली होती. ती उठून आत गेली आणि तिने गुणगुणणं बंद केलं. पण तोंडाची सवय कुठे सुटते? शेजारच्या लग्नघरी पीठ मळताना ती नकळत गुणगुणली आणि बायका खो खो हसल्या. "अगं, बेगिम बेगिम म्हणतात ती ही होय!"

आठवड्याभरात सालोमतच्या धाकट्या मुलाचं, जसुरचं, जुळत आलेलं लग्न अडलं. नान मोडून सोयरीक पक्की करायची तेवढी राहिली होती, आणि मुलीच्या आईचा निरोप आला : "मालिकेतली सासू तुमच्याच घरातली, असं सगळी वस्ती म्हणते. जाणूनबुजून लेक विहिरीत ढकलू का?"

जसुरने आईशी बोलणं टाकलं, जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी सालोमतने जावयाला बोलावलं.

"तू जा त्यांच्याकडे."

"जातो, ओयी," तोल्किन म्हणाला. सासूला तो ओयी, म्हणजे आई, म्हणे. "खरं काय ते सांगतो. धून तुमची, मी चोरली म्हणून."

"डोकं ठिकाणावर आहे का? माझी म्हणालास की बेगिम मीच ठरले. त्यांना सांग, धून तुझी. मी टीव्हीवर ऐकून उचलली, सगळ्या वस्तीसारखी."

तोल्किनने विचारलं, "मुळात होती कुणाची?"

"माझ्या आईची. तंदूरला नान लावताना म्हणायची. तिचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे, एवढंच आहे. आता निघ."

तो गेला. मुलीच्या आईने त्याला मानाच्या जागी बसवलं आणि सगळं ऐकून हसली. "म्हणजे विहीणबाईंना टीव्हीचा नाद आहे तर! पण अशी धून सुचते तरी कशी हो तुम्हाला?"

"पहाटे," तोल्किन म्हणाला. "आपोआप."

त्यांनी नान मोडला.

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "ठरलं." कित्येक वर्षं त्याला या बाईला हरवायचं होतं. आज ती हरली होती, आणि त्याला स्वतःची किळस येत होती.

"ओयी, लग्न पार पडू द्या. मग मी जाहीर सांगेन, धून कुणाची ते."

"सांग की. सून घरात आली की तिलाच सांग, तुझी सासू बेगिम आहे म्हणून." ती त्याच्याकडे बघतही नव्हती. "लोक मला बजावत होते, घरजावई ठेवू नकोस, घर गिळेल. घर आहे तिथेच आहे. तू माझी आई गिळलीस."

मग तिने चहा ओतला. घरच्या माणसाला अर्धीच वाटी देतात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. तिने वाटी काठोकाठ भरली, नकोशा पाहुण्याला भरतात तशी, आणि त्याच्यापुढे सरकवली.