आजन्म सभासद

फुकट ते पौष्टिक, हा डुएन टॉलेफसनचा जन्मभराचा बाणा. त्यामुळे कॉटनवूड बेंडच्या हॉलमध्ये पॅनकेक आणि सॉसेजचा नाश्ता फुकट आहे, फक्त खाऊन झाल्यावर तासभर कंपनीच्या माणसाचं ऐकून घ्यायचं, असं कळल्यावर तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला.

"ऐकायला काय पैसे पडतात?" तो आर्डिसला म्हणाला.

"तुला ऐकायचे पडतात," आर्डिस म्हणाली. "तू भाबडा आहेस."

झालंही तसंच. तास उलटून गेला आणि डुएन सही करून बाहेर आला. आजन्म सभासद. घरगाड्या लावून राहायचे कंपनीचे कॅम्प चार राज्यांत. दोन आठवडे एका ठिकाणी राहायचं, मग तिथून उठून दुसरीकडे जायचं, वीज, पाणी, जागा सगळं वर्षाच्या वर्गणीत. आर्डिसनं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई ती. पावशेर लोणी वाया गेलं तरी तिचा जीव कळवळायचा. मिनेसोटातलं घर विकून घेतलेल्या मोटरहोमनंच, त्या चाकांवरच्या घरानं, आधी निम्मी शिल्लक खाल्ली होती, त्यात ही वर्गणी. नाकापेक्षा मोती जड.

"अगं, पण मरेपर्यंत राहायची सोय झाली की नाही?" डुएन समजावणीच्या सुरात म्हणाला.

"कुणाच्या मरेपर्यंत, ते विचारलंस का?"

तो हसला. दोघांपैकी मागे राहील त्याच्या, असं त्यानं खरंच विचारून घेतलं होतं.

पुढे सहा हिवाळे ते ॲरिझोनात कंपनीच्या दोनच कॅम्पांमध्ये ये-जा करत राहिले: कॉटनवूड बेंड आणि तिथून दीडशे मैलांवरचं जुनिपर फ्लॅट. आर्डिसला समुद्र बघायचा होता, पण समुद्राकाठी कंपनीचा कॅम्प नव्हता, आणि पैसे भरून ठेवलेले असताना दुसरीकडे पैसे भरून राहणं डुएनला पटायचं नाही. यावरून त्यांची भांडणं व्हायची. मोठी नव्हेत, भांडी घासताना होतात तशी. गाडी मात्र कायम तोच चालवायचा. पहिल्याच वर्षी पेट्रोल पंपावर आर्डिसनं मोटरहोमची उजवी बाजू खांबाला घासली होती. त्यानंतर त्यानं चाक तिच्या हाती दिलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

त्या वर्षांत त्यांना मिळाली ती माणसं. त्यातही लोवेल आणि बेटिना क्रेबिल. लोवेल इंडियानात विजेच्या तारा ओढायचं काम करून निवृत्त झालेला, उंच, वाकलेला, तोंडाचा तिखट. बेटिना गोल चेहऱ्याची, बोलघेवडी. ते आपला ट्रेलर ओढत दर नोव्हेंबरात यायचे आणि ऑफिसातल्या योलांडाला आधीच फोन करून टॉलेफसनांच्या शेजारची जागा मागून ठेवायचे. दुपारी चौघं युकर हा पत्त्यांचा डाव खेळायला बसायची. बेटिना पत्ते लावताना गुणगुणायची, त्यावरून तिच्या हातात काय आहे ते सगळ्यांना कळायचं, आणि तिला ते कुणी कधी सांगितलं नाही.

सातव्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, डुएन गेला. जुनिपर फ्लॅटहून ते नुकतेच परत आले होते. त्यानं गाडी जागेवर लावली, पाण्याची नळी जोडली आणि पायरीवर बसला. "जरा टेकतो," म्हणाला. आर्डिस कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा तो दाराच्या कडेला डोकं टेकून होता, डोळे उघडे. तिनं हाक मारली ती लोवेलला. का कुणास ठाऊक, नवऱ्याला नाही मारली. लोवेल धावत आला, त्याला खाली निजवून छाती दाबत राहिला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिला. त्याला उठवावं लागलं.

त्यानंतरचे काही दिवस आर्डिसला तुकड्यातुकड्यांनी आठवत. कुणीतरी तिचा गॅस बंद केला होता. कुणीतरी कॉफीचा कप धुऊन जागेवर ठेवला होता. मुलगा विमानानं आला, तर त्याला आणायला विमानतळावर कोण गेलं होतं हेही तिला ठाऊक नव्हतं. जेवणाची झाकलेली भांडी दारात येत राहिली. मिनेसोटाच्या एका म्हातारीनं भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश आणला, अगदी आर्डिसची आई करायची तसा, वर कुरकुरीत. तो खाताना ती पहिल्यांदा रडली.

"विकून टाक सगळं आणि चल माझ्याकडे," मुलगा म्हणाला.

"तुझ्याकडे म्हणजे कुठे? त्या सोफ्यावर?"

"आपण मोठी जागा बघू, आई."

तो बघणार नव्हता असं नाही. पण त्याच्या आवाजातला हिशेब तिला ऐकू आला. "या हिवाळ्यापुरती राहते," ती म्हणाली. "मग बघू."

दोन आठवडे भरले तशी योलांडा दाराशी आली. हातात टोपी घेऊन उभी राहिली, जणू चूक तिचीच होती.

"कसं सांगू तुम्हाला कळत नाही, आर्डिस. तुमची मुदत उद्या संपतेय. मी वरच्या ऑफिसात बोलले. ते म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा. सभासदत्व तुमच्या नावावर राहील, पण गाडी हलवावी लागेल."

"मला चालवता येत नाही गं," आर्डिस म्हणाली.

पलीकडे खुर्चीत बसलेला लोवेल म्हणाला, "मी नेतो. त्यात काय एवढं? मोठी बसच आहे, खाली चाकं आहेत."

असा तो शिरस्ता पडला. मुदत संपली की लोवेल आर्डिसची मोटरहोम चालवायचा, आर्डिस शेजारी बसायची, आणि मागून बेटिना त्यांचा पिकअप घेऊन यायची, लोवेलला परत न्यायला; त्यांच्या ट्रेलरची मुदत वेगळ्या दिवशी संपायची. दोन आठवड्यांनी उलटा फेरा. पुढच्या हिवाळ्यातही हेच. आर्डिसनं पेट्रोलचे पैसे देऊ केले तर लोवेल म्हणाला, "पाई कर. सफरचंदाचा. पैसे काय, बँकही देते." बेटिनाला या फेऱ्यांचा उत्साह फार. आदल्या दिवशीच ती सँडविच बांधून ठेवायची, निघताना आरशात बघून लिपस्टिक लावायची आणि पिकअपच्या खिडकीतून हात हलवायची.

त्याच हिवाळ्यात, डिसेंबरच्या एका फेरीत, जुनिपर फ्लॅटला पोचल्यावर त्यांनी मागे पाहिलं तर पिकअप नव्हता. थोडा वेळ थांबले. लोवेलनं फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलत गेला तसं आर्डिसच्या लक्षात आलं, की हा घाबरलाय खरा, पण याला नवल वाटलेलं नाही.

बेटिना सापडली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. भलत्याच गावातल्या पेट्रोल पंपावर, इंजिन चालू ठेवून, दोन्ही हात चाकावर. पंपावरच्या बाईनं पोलिसांना फोन केला होता. शाळा कुठल्या रस्त्यानं येते, मुलं सुटली असतील, असं बेटिना तिला विचारत होती. लोवेलला बघून ती म्हणाली, "किती उशीर केलास रे." सँडविचं शेजारच्या सीटवर तशीच होती.

त्या संध्याकाळी बेटिना आर्डिसच्या मोटरहोममध्येच झोपल्यावर लोवेल टेबलाशी येऊन बसला.

"वर्षभर चाललंय," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय. मी कुणाला बोललो नाही."

"मला सांगायचंस. मी तिला एक मैलही चालवू दिलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं." तो टेबलावरच्या कापडाची कड चिमटीत धरून सरळ करत राहिला. "तुझ्यासाठी निघायचं असलं की ती त्या दिवशी अगदी नीट असायची, आर्डिस. सकाळी उठून कपडे, सँडविच, सगळं. आर्डिसला न्यायचंय, म्हणायची. बाकीचे दिवस ती मला विचारते, आज काय करायचं असतं?"

रस्त्यावर काहीही झालं असतं. समोरून ट्रक आला असता तर ते पाप कुणाच्या माथी बसलं असतं, हे आर्डिसला दिसत होतं, आणि लोवेललाही दिसत होतं.

"आता तू शीक," तो शेवटी म्हणाला. "मला परत आणणारं कुणी राहिलं नाही."

जुनिपर फ्लॅटच्या पलीकडे जत्रेचं मोठं मैदान होतं, वर्षातले बहुतेक दिवस मोकळं. तिथे लोवेलनं तिला शिकवायला घेतलं. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. बेटिना मागच्या सोफ्यावर पट्टा बांधून बसायची आणि प्रवासाला निघाल्यासारखी खिडकीतून बघायची.

"आरशात बघ," लोवेल म्हणायचा. "माझ्याकडे नको. मी बघण्यासारखा राहिलो नाही."

"तू कधीच नव्हतास," मागून बेटिना म्हणाली. आणि तिघंही हसली, इतकी की आर्डिसला गाडी थांबवावी लागली. बेटिनानं असं नेमकं बोलण्याची ती जवळपास शेवटचीच वेळ.

वळण घेताना आपल्या मागे केवढं मोठं धूड येतंय याची आर्डिसला पहिला आठवडा धास्ती वाटायची. डुएन हे किती सहज करायचा, एक कोपर खिडकीत टाकून. त्याच्यावर ती चिडली, हे सगळं एकट्यानं करून ठेवलं म्हणून. मग स्वतःवर चिडली. चिडल्यावर गाडी बरी चालते, असं लोवेलचं मत पडलं. मुदत संपल्यावर लोवेल बेटिनाला घेऊन पिकअपमधून पुढे आणि आर्डिस मोटरहोम घेऊन त्याच्या मागोमाग, अशी ती कॉटनवूड बेंडला परत आली.

जानेवारी सरता सरता लोवेलच्या मुलीनं इंडियानात आईसाठी जागा शोधली. दारांना बाहेरून कुलूप असणारी, पण उजेडाची, चांगली. ट्रेलर लगेच विकला गेला. सभासदत्व घ्यायला मात्र कुणी आलं नाही. लोवेलनं ऑफिसाबाहेरच्या फलकावर चिठ्ठी लावली होती, फुकट घेऊन जा म्हणून. ती चिठ्ठी ऊन लागून पिवळी पडली.

निघताना बेटिना आर्डिसच्या गळ्यात पडली. नाव तिला आठवत नव्हतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं, पण मिठी घट्ट होती. "तुम्ही या हं आमच्याकडे," ती म्हणाली. "माझा नवरा न्यायला येईल."

"येईन," आर्डिस म्हणाली.

पिकअप फाटकातून बाहेर पडला. लोवेलनं मागे बघितलं नाही. आर्डिसनं त्याला दोष दिला नाही.

मुदत संपली त्या सकाळी आर्डिस निघण्याआधी दोन घास खाऊन घ्यावेत म्हणून कॉटनवूड बेंडच्या हॉलमध्ये गेली. पॅनकेकचा दिवस होता. समोर एक नवीन जोडपं येऊन बसलं. माणूस पोस्टातून नुकताच निवृत्त, बायको दंतवैद्याकडे काम केलेली, दोघांच्या छातीवर पाहुण्यांच्या चिठ्ठ्या.

"तुम्ही सभासद आहात ना?" बाईनं हळू आवाजात विचारलं. "खरं सांगा. घ्यावी का ही वर्गणी? आमच्यात कालपासून वाद चाललाय."

"कोण नको म्हणतंय?"

"मी," बाई म्हणाली.

आर्डिसनं काटा खाली ठेवला. "आकडे मांडलेत तर नाही परवडत," ती म्हणाली. "पहिली काही वर्षं वाटतं परवडलं. मग वर्गणी वाढते, प्रकृती बिघडते, आणि पैसे भरलेत म्हणून तुम्ही त्याच त्याच ठिकाणी जात राहता. मला समुद्र बघायचा होता. राहिला."

नवऱ्यानं मान खाली घातली. बाईचा चेहरा जिंकल्यासारखा झाला.

"मी नको म्हटलं होतं," आर्डिस पुढे म्हणाली. "नवऱ्यानं घेतली. तो इथेच गेला, त्या झाडांच्या पलीकडे. त्या दिवशी मला एकही फोन करावा लागला नाही. सगळं कुणी ना कुणी करत होतं." ती थांबली. "पण ती माणसंही आता नाहीत इथं. तेव्हा मी तुम्हाला काय सांगणार?"

बाईनं हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला. आर्डिसला तो नको होता, तरी तिनं राहू दिला.

मग ती निघाली. एकटी. पहिले काही मैल तिनं चाक इतकं आवळून धरलं की बोटं बधिर झाली. मागे गाड्यांची रांग लागली, एकानं भोंगा वाजवला, पुढे जाताना हातवारे केले. तिनं वेग वाढवला नाही. वाळवंट, तारांचे खांब, पुन्हा वाळवंट. रस्ता चुकू नये म्हणून ती फाट्यांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. शेजारची सीट रिकामी आहे हे तिला माहीत होतं, आणि तिकडे न बघणं हे गाडी चालवण्यापेक्षा अवघड होतं.

जुनिपर फ्लॅटला जागा मिळाली. मागे घेताना कुणी दाखवायला नव्हतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा उतरून बघत राहिली. गाडी थोडी तिरकी लागली. आजूबाजूला ओळखीचं एकही माणूस नव्हतं. शेजारचा एक तरुण कुत्र्याला फिरवत होता, त्यानं मान हलवली, हिनंही हलवली.

सूप गरम करायला ठेवलं आणि फोन वाजला. लोवेल होता.

"बेटिना गेली, आर्डिस," तो म्हणाला. "आज सकाळी. न्युमोनिया झाला होता. तीनच दिवस."

आर्डिसनं हात लांब करून गॅस बंद केला आणि खाली बसली. "तू होतास जवळ?"

"होतो. मला ओळखलं नाही. पण हात सोडत नव्हती."

मग त्यानं विचारलं, "तू कुठेयस?"

"जुनिपर फ्लॅटला."

"कुणी आणलं?"

"मी आणलं."

पलीकडे श्वास ऐकू आला, मग हुंदका, म्हाताऱ्या माणसाचा, खोकल्यासारखा. "तिला सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "तिला फार आवडलं असतं."

"हो," आर्डिस म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. "माझ्याकडे पाई नाहीये रे लोवेल आत्ता. नाहीतर आणला असता."

"माहितीये," तो म्हणाला. "फोन ठेवू नकोस लगेच."

"नाही ठेवत."

बाहेर ऊन कलत होतं. कॅम्पातले लोक खुर्च्या काढून दारात बसले होते. आर्डिस फोन कानाला लावून बसून राहिली, आणि इंडियानात लोवेल बसून राहिला, सूप पार गार होईपर्यंत.