जावककाकांची चाल

पुलावरच्या लढाईतून जावककाकांना शेवटी काढून टाकलं. कारण दिलं ते असं, की ते पटत नाहीत. त्याच लढाईत सात तोंडांचा साप होता, हवेत तरंगणारा किल्ला होता आणि मेल्यावर चिडून परत येणारी एक राणी होती. त्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

असो. असं अजून काही झालेलं नाही. आत्ता मंगळवार आहे, सकाळचे साडेदहा वाजलेत, आणि जावककाका एका रिकाम्या हॉलच्या मधोमध दोन कुबड्यांवर उभे आहेत. अंगात काळा, घट्ट पोशाख. त्यावर बोराएवढे पांढरे गोळे. गोळे चिकटवणारा माणूस, ज्याला सगळे ठिपकेवाला म्हणत, त्यांच्याभोवती शिंप्यासारखा फिरत होता.

"काका, हात वर करा जरा."

"कुठला? दोन्ही ड्यूटीवर आहेत."

ठिपकेवाल्याने मग कुबड्यांनाही गोळे लावले. भिंतींवर चौफेर कॅमेरे होते. ते या गोळ्यांकडे बघत आणि माणसाची हालचाल तेवढी उचलून संगणकात ठेवत. पुढे ती हालचाल खेळातल्या एखाद्या योद्ध्याच्या अंगावर चढे. ठिपकेवाला पडद्यापाशी गेला आणि डोकं खाजवायला लागला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"मशीनला चार पाय दिसतायत. घोडा आहे का, असं विचारतंय."

"माणूस लिहा. शंका असेल तर लेखी कळवा म्हणावं."

काका एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत जावक टेबलावर होते. येणारा कागद शेजारच्या टेबलाचा, जाणारा यांचा. त्यामुळे नाव मागे पडलं आणि जावक राहिलं. दोन वर्षांचे असताना ताप आला, उजवा पाय त्याच्याबरोबर गेला. म्हणजे होता जागेवर, पण नावापुरता, लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरमध्ये. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी डाव्या खांद्याचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, खांदा संपलाय. पुढच्या महिनाअखेरपर्यंत काय चालायचं ते चाला, मग चाकाची खुर्ची. काका म्हणाले, "लेखी द्या." डॉक्टरांनी दिलं.

त्यानंतर आठवड्याने भाचीचा फोन आला. ती या खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. पुलावरच्या लढाईत तिने एक कुबड्यांवरचा भालदार घातला होता आणि त्याला खरी चाल हवी होती.

"जातो मी," काकांनी मामींना सांगितलं. खरं तर मामी त्यांची बायको, पण भाचीमुळे घरात सगळेच तिला मामी म्हणत, काकासुद्धा. "खुर्चीत बसलो की संपलं. चालीची कुठे नोंद तरी राहील."

"नोंद? चालणं म्हणजे काय टपाल आहे?" मामी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "लढाईहून येताना अंगाचा साबण आणा."

संमतीपत्र काकांनी पूर्ण वाचलं, स्वल्पविरामांसकट. कलम सातमध्ये लिहिलं होतं, 'सदर चाल व तिच्यापासून तयार होणाऱ्या सर्व चाली कंपनीच्या मालकीच्या राहतील.' त्यांनी तीन ठिकाणी सह्या केल्या, तारीख घातली, कागद दिला, आणि स्थळप्रत ठेवली नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद आपली प्रत मागे ठेवल्याशिवाय बाहेर गेला नव्हता. अशी चूक फक्त जावकवालाच करू शकतो. बाकीच्यांना ती चूक आहे हेच कळत नाही.

"तर काका," सर म्हणाले. सर म्हणजे लढाईचे दिग्दर्शक. पस्तिशीचे, पायात वहाणा नाहीत, कारण त्यांना जमीन जाणवावी लागे. "शत्रू पळत येतोय. तुम्ही पुढे झेपावता आणि भाला मारता."

"मी झेपावत नाही."

"समजा झेपावलात."

"झेपावलो तर भाला कुठल्या हातात? दोन्ही हातांत कुबड्या आहेत. मी काय करीन, पुलाच्या तोंडाशी कठड्याला पाठ लावून उभा राहीन. पाठ टेकली की एक हात मोकळा. मग येऊ दे की त्याला. त्याला घाई आहे, मला नाही. बसच्या रांगेत मला आजवर कुणी हलवू शकलेलं नाही, विचारा हिला."

"खरंय," भाची म्हणाली. "मामांच्या मागे अख्खी रांग अडते."

"बरं, मग तुम्ही पडता."

"ते येतं मला," काका खुलले. "तुम्हा लोकांना पडता येत नाही. तुम्ही हात पसरून, ओरडून, मोठा समारंभ करता." त्यांनी दोन्ही कुबड्या बाहेर भिरकावल्या, तळवे पुढे केले आणि घडी घातल्यासारखे जमिनीवर आले. आवाजसुद्धा झाला नाही. मग ते उठले. आधी एक कुबडी ओढली, मग कॅलिपरची कडी लावली, कमरेचा झोका घेतला, दुसरी कुबडी.

"चाळीस सेकंद," सर घड्याळ बघून म्हणाले. "काका, लढाईत चाळीस सेकंद कुणी थांबत नाही. प्रेक्षकाला पटणार नाही."

"का? शत्रूला काय माझ्याशिवाय दुसरी कामं नाहीत?"

"शेवटी चेटकीण त्याला नवा पाय देते असं केलं तर?"

"मग कुबड्या कुठे ठेवायच्या त्याने? पुलावर तर जागा दिसत नाही."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. शेवटी त्यांनी काकांना नुसतं चालायला सांगितलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काका चालले. मध्यावर थांबले, डावा खांदा जरासा उचलून खाली सोडला, मग मान वळवून भाचीला विचारलं, "झालं का?"

झालं होतं. काका पोशाख उतरवून खुर्चीवर बसले आणि त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिथे एक करडा, चेहरा नसलेला माणूस कुबड्यांवर उभा होता. कॅमेरे बंद झाले होते. गोळे डब्यात गेले होते. करड्या माणसाने डावा खांदा उचलला आणि सोडला.

"हा अजून उभा कसा?"

"मशीनच्या डोक्यात थोडा वेळ राहतं," ठिपकेवाला म्हणाला. "जातं मग." तो कळ दाबत राहिला. करडा माणूस काही जात नव्हता.

"खांद्याचं हे असं मी करतो?"

"दर सहा पावलांनी," भाची म्हणाली. "लहानपणापासून बघतेय. तुम्हाला माहीत नाही?"

काकांना माहीत नव्हतं. आपल्याच कचेरीत एखादा शिक्का इतकी वर्षं आपल्या नकळत उमटत होता, असं त्यांना वाटलं. ते बराच वेळ बघत राहिले. बरं वाटत होतं. नोंद झाली होती.

बुधवारी भाचीच्या शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी ती चाल चुकून 'गर्दी' नावाच्या कप्प्यात टाकली. गर्दीच्या कप्प्यात लढाईचं सैन्य होतं. सैन्य दहा हजारांचं होतं.

त्याच सकाळी अकराला सगळे मोठ्या पडद्यासमोर बसले. काकांना मुद्दाम बोलावलं होतं. भालदाराचं पहिलं दर्शन होतं, म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पडद्यावर धुकं होतं. धुक्यातून पूल दिसायला लागला आणि पुलावरून सैन्य आलं.

धडधाकट, चिलखत घातलेले, दोन्ही पाय शाबूत असलेले दहा हजार जण कुबड्यांवर चालत होते. हातात कुबड्या नव्हत्या. हात हवेवर टेकत होते, आणि हवा त्यांचं वजन पेलत होती. डावा हात, उजवा हात, अंग पुढे. डावा हात, उजवा हात, अंग पुढे. कुणी हसलं नाही. खेळ आधी खेळून बघणाऱ्या एका चाचणी खेळाडूने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आवाज बंद कर," सर म्हणाले.

"आवाज अजून घातलाच नाहीये, सर," ठिपकेवाला म्हणाला.

तरीही कुबडीचं रबर जमिनीवर टेकल्याचा दबका आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. दोन-तीन जणांनी वळून काकांकडे पाहिलं. काका बसलेले होते आणि त्यांच्या कुबड्या भिंतीला टेकून निमूट उभ्या होत्या.

पुलाच्या मध्यावर सैन्य थांबलं. दहा हजार डावे खांदे वर गेले, खाली आले. मग दहा हजार माना एकदम वळल्या आणि सैन्याने पडद्याबाहेर बघितलं. नेमकं भाची बसली होती तिकडे. दहा हजार ओठ हलले.

"झालं का," भाची पुटपुटली. "झालं का म्हणतायत."

कुणीतरी दिवे लावले.

काका एकटेच खुशीत होते. "रांग बघा," ते म्हणाले. "एकही मागे नाही, पुढे नाही. एवढी शिस्त आमच्या कचेरीत कधी नव्हती."

गुरुवारी सरांनी भाचीला आत बोलावलं. चाचणी खेळाडूंचे अभिप्राय टेबलावर होते. एकाने लिहिलं होतं, की कुबडीवाला लढाईत जिवंत राहतो हे पटत नाही. दुसऱ्याने तेच लिहिलं होतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, 'तो मला ओळखतो.'

"काढून टाक," सर म्हणाले. "भालदार काढ, आणि मुळातली चालसुद्धा पूस. मला ती कुठल्याच कप्प्यात नको."

"सर, मूळ राहू दे ना. एका कोपऱ्यात. त्यांचं आता चालणं बंद होणार आहे."

"मी वाईट माणूस नाहीये," सर म्हणाले. "पण काल घरी जिना उतरताना मी मध्येच थांबलो. खांदा उचलला. का उचलला, मला माहीत नाही." ते थोडा वेळ आपल्या अनवाणी पायांकडे बघत बसले. "पूस तू ते."

भाचीने अकरा वाजून वीस मिनिटांनी पुसलं. मशीनने विचारलं, नक्की का? तिने 'हो' दाबलं. मशीनने आणखी एकदा विचारलं. असं ते कधी करत नसे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी काका घरात, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाले होते. महिना संपायला अजून नऊ दिवस होते. मध्येच ते थांबले आणि त्यांना आठवेना, आधी काय टाकायचं. डावी कुबडी? उजवी? की पाय? खांदा नेहमीइतकाच दुखत होता, हात धड होते, नुसतं पुढचं काय ते येत नव्हतं. रोजची सही करायला बसावं आणि अक्षरंच सुचू नयेत, तसं.

"अहो," त्यांनी हाक मारली. "मी कसा चालतो?"

"म्हणजे काय?" मामी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. काकांचा चेहरा बघून त्यांनी पुढचा टोमणा गिळला. त्यांनी पस्तीस वर्षं या माणसाच्या अर्धं पाऊल मागे चालून काढली होती. "डावी कुबडी, उजवी कुबडी, मग कमरेने अंग पुढे टाकता. टाका बघू."

काकांनी डावी टाकली आणि ते पडले. या वेळी आवाज झाला.

संध्याकाळी ते खुर्चीत होते. चाकाची खुर्ची नऊ दिवस आधीच आणावी लागली. भाची येऊन गेली, रडली, सगळं सांगून गेली. डॉक्टरही येऊन गेले. खांद्यामुळे होतं असं, म्हणाले. काकांनी या वेळी लेखी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी आतली फरशी पुसत होत्या. बाहेरच्या खोलीत काका खिडकीशी बसले होते.

"हळू या हो," मामी आतून ओरडल्या. "ओलं आहे इथे."

"मी कुठे येतोय?"

मग मामी फडकं हातात घेऊन दारात आल्या. काका खुर्चीत, पाय तिच्या पट्टीवर. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा घराच्या दाराकडे.

"जिन्यात होतात तुम्ही," त्या हळू म्हणाल्या. "दारापर्यंत आलात. मध्ये थांबलात, खांदा सोडलात. मला काय तुमची चाल कळत नाही?"

"मग?"

"मग खाली गेली."

काकांनी खुर्ची टेबलाकडे वळवली. नवीन होती, सरळ जात नव्हती. मामींनी न विचारता कागद आणि कार्बन आणून दिला. काकांनी कार्बन नीट घालून, समास सोडून लिहायला घेतलं.

*प्रति,*
*मा. व्यवस्थापक, लढाई विभाग.*

*विषय : चाल परत मिळणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, माझी चाल (एक) आपल्या कार्यालयाने दि. मंगळवार रोजी उचलून नेली व दि. गुरुवार रोजी पुसली. ती पटत नसल्याचे आपले म्हणणे मला मान्य आहे. तथापि मला ती पटवून घेण्याचा सराव असल्याने माझी हरकत नाही.*

*सदर चाल शुक्रवारी दुपारी माझ्या दारापर्यंत येऊन परत गेल्याचे माझ्या पत्नीने समक्ष ऐकले आहे. दार बंद असल्याने तिची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. आजपासून दार उघडे ठेवण्यात येत आहे.*

*मूळ चाल उपलब्ध नसल्यास सैन्यातील दहा हजार प्रतींपैकी एक पाठवावी. सर्वांत मागची, जिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नसेल अशी असली तरी हरकत नाही. ती घेण्यासाठी मी स्वतः येऊ शकत नाही, याचे कारण आपणास ठाऊक आहेच. तिला एकटीने यावे लागेल.*

*तरी, ती ज्या दिवशी निघेल त्या दिवशी आपले कार्यालय ते माझे घर या मार्गावरील सर्व सिग्नल तिच्या वेगाने लावण्याबाबत संबंधितांना आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.*