तेरावा खटका

डोब्रोपोल गावाचा इतिहास छापायचं ठरलं, तेव्हा गावात इतिहासाखेरीज फारसं काही उरलंच नव्हतं. शाळा बंद, पोस्ट बंद, रेल्वेने रूळ उचलून नेलेले आणि धान्याचं ते उंच लाकडी कोठार मागच्याच वर्षी पाडलेलं. सव्वीस घरांपैकी सहा घरांतून काय तो धूर निघायचा. पण त्या वर्षी कॅनडातल्या सास्काचवानच्या माळावर जो तो आपल्या गावाचं पुस्तक काढत सुटला होता, मग डोब्रोपोलने तरी मागे का राहावं? दर कुटुंबाला दोन पानं आणि एक फोटो. लिहून आलेल्या कागदांवरून पाहिलं तर सगळ्यांचे आजोबा कष्टाळू, सगळ्यांच्या आज्या देवभोळ्या, आणि वाईट माणूस या गावात कधी जन्मालाच आला नव्हता.

कागद गोळा करायचं काम नतालका झुबकोकडे होतं. तेक्ला वासिलेंचुककडे ती आली ती सगळ्यात शेवटी, मार्चमधल्या एका दुपारी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या तेक्लाने तिच्यापुढे बिटाचं गरम सार ठेवलं. नतालकाला टेलिफोनवरचं पान हवं होतं. एके काळी इथे एका तारेवर चौदा घरं होती, आणि कुणाची घंटा कशी वाजायची ते तेक्लाला अजून तोंडपाठ होतं. पाद्रीबुवांची तीन आखूड, झुबकोंची दोन लांब आणि एक आखूड.

घंटा कुणाचीही असो, ती चौदाही घरांत वाजायची आणि चौदाही घरांत रिसीव्हर उचलले जायचे. सहा महिने बर्फात कोंडलेल्या बायकांना दुसरी करमणूक काय होती? आवाज न करता रिसीव्हर उचलायला सगळ्या शिकल्या होत्या. ठेवताना मात्र खटका व्हायचाच. शिवाय ऐकणारे कान वाढले की तारेतला जीव जायचा आणि बोलणाऱ्याचा आवाज बारीक होत जायचा.

तेक्ला या कामात सगळ्यांची गुरू. नतालकाच्या आईने, युस्तिनाने, एकदा चर्चच्या दारातच तिला धरलं होतं. "आमच्याकडे कुणी शिंकलं तर 'देव भलं करो' तुझ्या घरातून ऐकू येतं," असं तिने चारचौघांत सुनावलं. तेक्लाचं तोंड लाल झालं. मरियामातेच्या तसबिरीवर हात ठेवून तिने शपथ घेतली की झुबकोंचं बोलणं यापुढे कधी ऐकणार नाही.

त्याच हिवाळ्यात, सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत, युस्तिना बाळंतपणात गेली. बाळ वाचलं. ते बाळ म्हणजेच ही नतालका.

"वादळात तार तुटली म्हणून आई गेली, असं बारा घरांनी लिहून दिलंय," नतालका म्हणाली. "बाबांनी मला पंधराव्या वर्षीच खरं सांगितलं होतं, काकू."

नतालका शांतपणे सांगत गेली. वादळाचा तिसरा दिवस होता. बाळ झालं, पण आईचं रक्त थांबेना. शहरातला डॉक्टर फोनवरून तिच्या बाबांना, निकोलाला, उपाय सांगत होता, आणि निकोलाला शब्द ऐकू येत नव्हते. एक्स्चेंजमधली मुलगी ओरडून विनवत होती, सगळ्यांनी रिसीव्हर ठेवा, माणूस मरतंय. कुणी ठेवला नाही. जो आधी ठेवील त्याचा खटका सगळ्यांना ऐकू जाणार होता. शेवटी निकोला "संपलं" म्हणाला. तेव्हा कुठे खटके वाजायला लागले.

"बाबांनी मोजले. बारा. मग रिसीव्हर लोंबकळत टाकून ते माझ्याकडे धावले. आमच्याखेरीज घरं तेरा. म्हणजे एका घराने ऐकलं नव्हतं." नतालकाने पिशवीतून एक कागद काढला. "बाबा म्हणतात, ते घर तुमचं. तुमची शपथ होती."

तेक्लाला एकदम कळलं. चौतीस हिवाळे तिच्या दारातला बर्फ निकोला न सांगता काढून जायचा. तो आजारी पडल्यावर ते काम नतालका करत होती. तेक्ला त्याला शेजारधर्म समजत आली होती.

निकोला आता शहरातल्या इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होता. पुस्तकात त्याला एकच वाक्य हवं होतं, आणि ते ऐकून डोळे मिटायचे होते. एका घराने आमची लाज राखली, असं ते वाक्य त्या कागदावर होतं. नतालका तेक्लाचा फोटो मागायला आली होती.

फोटो कपाटात होता. तो देऊन मोकळं व्हावं असं तेक्लाला फार वाटलं. आजवर गप्प राहिली तशी आणखी चार दिवस राहिली असती. पण समोरची बाई अगदी युस्तिनासारखी मान कलती करून बसली होती.

"तेरावा रिसीव्हर माझ्या हातात होता," तेक्ला म्हणाली. "शपथ मोडली हे कळायला नको, म्हणून मी ठेवलाच नाही. बाकीच्यांनी ठेवले, आणि तार मोकळी झाली. मग डॉक्टरांचा आवाज असा स्वच्छ आला, की जणू ते माझ्याच चुलीपाशी उभे होते. ते म्हणत होते, निकोला, आता ऐकू येतंय का?"

नतालकाने साराचा वाडगा बाजूला सरकवला. मग तिने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

"बाबांना त्यांचं वाक्य आहे तसंच वाचून दाखवीन," ती म्हणाली. "छापणार मात्र नाही."

ईस्टरच्या आठवड्यात निकोला गेला. शेवटपर्यंत प्रार्थनेत तो तेक्लाचं नाव घ्यायचा, असं पाद्रीबुवांनी तिला कौतुकाने सांगितलं. पुस्तक शरद ऋतूत निघालं; त्यात तार वादळानेच तुटली आहे.

त्या हिवाळ्यात तेक्लाच्या दारातला बर्फ कुणी काढला नाही. तिने कुणाला फोनही केला नाही.