खिळ्यावरची मंगळसूत्रं

शनिवारी दुपारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या, की सुरूवाडीच्या घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, तेवढं हे गळ्यात घाला हं."

'हे' म्हणजे मंगळसूत्र. बोर्ली पंचतनच्या बाजारात मिळणारं, सोन्याचं पाणी दिलेल्या वाट्यांचं. गावातल्या प्रत्येक होमस्टेच्या दारामागे एक खिळा आहे. त्यावर खोल्यांच्या चाव्या टांगलेल्या असतात आणि चाव्यांच्या शेजारी ही मंगळसूत्रं. पाहुणी पोरगी हसत हसत ते घालते, बरोबरचा पोरगा फोटो काढतो, आणि दोघं हातात हात घालून सुरूच्या बनातून समुद्राकडे जातात. रविवारी निघताना चावीबरोबर मंगळसूत्रही परत येतं.

हा नियम गावकीचा, म्हणजे गावच्या कारभाऱ्यांच्या बैठकीचा. काही वर्षांपूर्वी गावातल्या रिकामटेकड्या पोरांनी संस्कृती वाचवायचं मनावर घेतलं आणि किनाऱ्यावर बसलेल्या जोडप्यांना हुसकावून लावलं. पुढच्या मोसमात खोल्या ओस पडल्या. मग मारुतीच्या देवळात गावकी बसली. संस्कृतीही राहावी आणि खोल्याही भराव्यात, असा काहीतरी तोडगा हवा होता. तो गावकीच्या म्होरक्यांनी, भिकूतात्यांनी काढला. बाईच्या गळ्यात काळे मणी दिसले, की कोणी काही विचारायचं नाही. ज्यांना विचारायचं नव्हतं त्यांचीही सोय झाली आणि ज्यांना सांगायचं नव्हतं त्यांचीही. भिकूतात्यांच्या स्वतःच्या चार खोल्या आहेत, हे सांगायला नको.

दयाराम आणि कृष्णाबाई यांच्या घरी ही मंगळसूत्रं सांभाळायचं काम त्यांच्या सुनेकडे, क्रांतीकडे होतं. वादळात वाडीतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्यावर दयारामने परसात तीन खोल्या काढल्या. त्या उभ्या राहतात न राहतात तोच मुलगा शुभम म्हसळ्याच्या घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेला. खोल्यांना त्याचंच नाव दिलं. 'शुभम होमस्टे' अशी पाटी क्रांतीने स्वतः रंगवली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

त्या पाटीखाली तिने चार वर्षं काढली. चादरी घालायच्या, भाकऱ्या थापायच्या, सुरमई तळायची. संध्याकाळी वाळूत मेज मांडायचं, मेणबत्त्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून नारळाच्या करवंटीत लावायच्या. सुरूच्या झाडाला बांधलेल्या झोपाळ्यावर झेंडू आणि अबोलीच्या माळा गुंफायच्या. पाहुण्यांची नावं विचारून शिंपल्यांनी वाळूत लिहायची. आणि ज्या पोरींना मंगळसूत्राचा फासा लावता येत नसे, त्यांच्या मानेवरचे केस बाजूला करून तो लावून द्यायचा. दर सोमवारी ती सगळी मंगळसूत्रं रिठ्याच्या पाण्यात धुऊन पुन्हा खिळ्यावर अडकवायची. तिचा स्वतःचा गळा मोकळा होता. त्या झोपाळ्यावर ती एकदाही बसली नव्हती.

"ताई, तुम्ही किती गोड आहात," पाहुण्या जाताना म्हणत. तिचा नंबर घेत, पोचल्यावर मेसेज टाकत. क्रांतीला ते मनापासून आवडायचं. तिला वाटायचं, आपली शहरात इतकी माणसं आहेत.

पाहुणे आणणारा विनेश याच गावचा. त्याची सहा आसनी मिनिडोर रिक्षा होती, तिशी उलटून गेली तरी लग्न जमलेलं नव्हतं. बाजारातून फुलं आणायची तर तोच आणायचा. दोन वर्षं नुसती फुलांचीच देवाणघेवाण चालली. मग एके दिवशी त्याने झेंडूच्या पिशवीबरोबर अबोलीचा एक वेगळा गजरा दिला.

"हा कुठल्या खोलीला?" तिने विचारलं.

"खोलीला न्हाय. तुला हाय."

तिने तो डोक्यात माळला नाही. पिठाच्या डब्यात ठेवला आणि दिवसभर दोनचारदा डबा उघडून पाहिला.

मग बोलणं झालं, लग्नाचंही झालं. विनेश म्हणाला, आधी घरी सांगतो. घरी सांगायला त्याला धीर होईना. क्रांती म्हणाली, "तोवर एकदा मला फिरवून तरी आण. सगळ्या दुनियेला मी सांगते, दिघीवरून फेरीबोटीने आगरदांड्याला जा, मुरुडचा किनारा बघा, भेळ खा. मी कधी गेलीच न्हाय."

सोमवारी पाहुणे नसत. सासूला तिने मुरुडला दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं. निघताना ती दारामागे थांबली. मुरुडच्या किनाऱ्यावरही टोळकी असतात, जोडप्यांना अडवतात, हे तिने ऐकलं होतं. शेकडो पोरींना तिने स्वतःच सांगितलं होतं, हे घातलं की कोणी काही विचारत नाही. तिचा त्यावर विश्वास होता. खिळ्यावरचं एक मंगळसूत्र तिने पर्समध्ये टाकलं आणि दिघीच्या धक्क्यावर गळ्यात घातलं. फासा लावायला हात मागे नेले, तेव्हा विनेशने पुढे होऊन तो लावून दिला. चार वर्षांत तिच्यासाठी हे कोणी केलं नव्हतं.

मुरुडला दोघांनी भेळ खाल्ली. वाळूत बसून तिने शिंपल्यांनी दोन नावं लिहिली आणि लाटेने पुसायच्या आत स्वतःच पुसून टाकली. एवढीच त्यांची सहल.

परतीच्या फेरीबोटीत कठड्याशी भिकूतात्या उभे होते.

त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग गळ्याकडे, मग विनेशकडे. दिघी येईपर्यंत त्यांनी पुडीतले शेंगदाणे सोलून खाल्ले. क्रांतीने मंगळसूत्र काढलं नाही. आता काढलं तर जे काही नव्हतं तेही झाल्यासारखं दिसेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावकी बसली. बायकांनी गावकीत बसायची रीत नाही. क्रांती देवळाच्या पायरीशी उभी राहिली. दयाराम आत कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, विनेश खांबाला टेकून.

"शुभमला जाऊन चार वर्षं झाली," भिकूतात्या म्हणाले. "आणि त्याच्या बायकोच्या गळ्यात काल काळे मणी होते. कुणाच्या नावाचे, ते तिने सांगावं."

"कुणाच्याच न्हाय, तात्या. खिळ्यावरचं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे शनिवारी जे ठाण्याच्या पोरीच्या गळ्यात होतं, तेच. तुमच्याच टपरीवर ती शहाळं प्याली. तुम्ही तिला वहिनी म्हणालात, बसायला खुर्ची दिलीत. ते कुणाच्या नावाचं होतं, ते तुम्ही विचारलंत काय?"

एकदोघे हसले. भिकूतात्यांचा आवाज मात्र चढला नाही.

"ती पाहुणी हाय. पाहुणी रविवारी जाते. तू गावात राहतेस. तुझ्याकडे बघून उद्या आमच्या पोरी काय शिकतील?"

"मला लग्न करायचं हाय, तात्या. विनेशशी. लपवाछपवी नको म्हणून सांगते."

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. विनेशच्या मिनिडोरला गावातल्या होमस्टेंचेच पाहुणे मिळत. घरी म्हातारी आई होती. ही कारणं खोटी नाहीत. पण कारणं प्रत्येकाकडे असतात.

"मी फक्त तिला सोडायला गेलो होतो," विनेश म्हणाला. "डॉक्टरकडे."

क्रांतीने त्याच्याकडे पाहिलं, पण त्याने मान वर केली नाही. काल ज्या बोटांनी फासा लावला होता, ती बोटं खांबाचा रंग खरवडत होती.

गावकीने निकाल दिला. क्रांतीने मारुतीपुढे नारळ ठेवून माफी मागावी आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून सांगावं. नाहीतर दयारामच्या घराशी कोणी बोलणार नाही, पाहुणे पाठवणार नाही, सुखदुःखाला येणार नाही.

"वाळीत टाकायला कायद्याने बंदी हाय," क्रांती म्हणाली.

"वाळीत कोण टाकतोय?" तात्या समजुतीच्या सुरात म्हणाले. "आम्ही फक्त बोलायचं बंद करणार. न बोलायला कुठला कायदा आडवा येतो?"

घरी कृष्णाबाईने तिचे दोन्ही हात धरले. "ठेव गो एक नारळ. तेवढ्याने काय होतंय? दिवाळीच्या खोल्या भरल्या हायत. तू गेलीस तर चादरी कोण घालील, भाकरी कोण करील? माझे गुडघे चालत न्हायत."

"आई, तुमची आजी पाटाची होती. तुम्हीच सांगितलंत मला. दुसरा संसार करून सात पोरं वाढवली तिने. तिला नारळ ठेवायला लागला होता काय?"

कृष्णाबाईने पदर तोंडाला लावला. "तेव्हा आम्ही गरीब होतो गो," ती म्हणाली.

खरं तेच होतं. इथल्या आज्या-पणज्यांनी पाट लावले, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. शेत लावायला, पोरं सांभाळायला बाई हवी असे, आणि बाईलाही घर हवं असे. घरात शहरातला पैसा आला, भिंतींना टाइल्स लागल्या, आणि मग आपण खानदानी आहोत हे गावाला आठवलं. खानदान दाखवायला घरात एक पांढऱ्या कपाळाची सून लागते. ती राबणारी असेल तर आणखी बरं. माया होती का कृष्णाबाईची? होती. पण त्या मायेत तीन खोल्यांच्या चादरीही होत्या, आणि क्रांतीला त्या दिवशी पहिल्यांदा त्या वेगळ्या दिसल्या. ती खूप रडली.

"नारळ मी ठेवणार न्हाय," रडून झाल्यावर ती म्हणाली.

म्हणून तो दयारामने ठेवला. बुधवारी सकाळी सगळ्यांसमोर त्याने सुनेच्या वतीने माफी मागितली, लोटांगण घातलं. भला माणूस होता तो, कधी कुणाला दुखावलेलं नाही. म्हणूनच असल्या वेळी त्याचा कुणाला उपयोग नव्हता. पायरीवरून क्रांती मोठ्याने म्हणाली, "तो नारळ माझा न्हाय. मी काहीही चुकीचं केलं न्हाय."

मग गावकीने दुरुस्ती केली. घर मोकळं, बाई बाहेर. तिला कोणी थारा द्यायचा नाही, गाडीत घ्यायचं नाही.

तिची पिशवी कृष्णाबाईनेच भरून पडवीत ठेवली. आत वाटेत खायला भाकरी होती, आणि वर शुभमचा फोटो. क्रांतीने भाकरी घेतली. फोटो पाटीखाली ठेवून ती बोर्लीच्या रस्त्याला लागली.

मागून मिनिडोर आली. तिने ओळखीचा आवाज ऐकला, पण वळून पाहिलं नाही. गाडी जवळ येऊन मंदावली. मागच्या सीटवर गावातल्या दोन बायका होत्या. गाडीने पुन्हा वेग घेतला आणि धूळ उडवत पुढे निघून गेली.

क्रांती आता श्रीवर्धनला एका खाणावळीत भाकऱ्या करते. तिने पोलिसांत तक्रार दिली. साहेबांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "गावातला कोणी तुमच्या बाजूने बोलेल?" ती म्हणाली, न्हाय. "मग बाहेरचा कोणी? ही मंगळसूत्रांची पद्धत पाहिलेला? गाव तर उद्या असं काही नाहीच म्हणेल."

बाहेरचे म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. तिच्या फोनमध्ये कितीतरी ताया होत्या. तिने एकेकीला लिहिलं : ताई, मी सुरूवाडीची क्रांती. तुम्हाला मंगळसूत्राचा फासा लावून दिला होता, आठवतं का? तेवढंच पोलिसांना सांगायचं आहे. फोनवर सांगितलं तरी चालेल.

सगळ्यांनी वाचलं. फोनवर वाचल्याची खूण दिसते. उत्तर एकीचंही आलं नाही. कोणाच्या घरी ती सहल ठाऊक नव्हती, कोणाला पोलीस नको होते. एकीने तिचा नंबर ब्लॉक केला. ज्यांच्या सुखासाठी तिने चार वर्षं वाळूत शिंपले मांडले, त्यांना तिच्यासाठी एक वाक्य उच्चारणं जड गेलं.

सुरूवाडीत शनिवारी अजून गाड्या येतात. कृष्णाबाईच्या थरथरत्या हाताला फासा सापडत नाही, म्हणून पोरी तो एकमेकींना लावून देतात. कोणी विचारलंच, की त्या फुलांचा झोपाळा सजवणाऱ्या ताई कुठे आहेत, तर ती सांगते, "माहेरी गेलीय."

क्रांतीने तक्रार मागे घेतलेली नाही. घेणारही नाही म्हणते. साक्षीला तिला अजूनही एक माणूस हवा आहे.

तुम्ही कधी त्या किनाऱ्यावर गेला असाल, आणि दारामागच्या खिळ्यावरून मंगळसूत्र काढून एका बाईने तुमच्या मानेवरचे केस हलकेच बाजूला केले असतील, तर फोन उघडून बघा. तिचा मेसेज तुम्हालाही आला असेल.