ढिली पिन

“लिंब तुमीच पाडला, अन् आता वरचा पत्राबी काढा म्हणायलाव? मग माणसानं काम कुठं करायचं, तुमच्या जीपखाली?”

मथुराबाईनं बॉनेटवर हात आपटला. आतल्या साहेबानं काच अर्धी खाली केली, गॅरेजच्या दारातून गेलेल्या, रुंदीकरणासाठी मारलेल्या चुन्याच्या रेषेकडं बघितलं आणि “लेखी द्या” म्हणाला. काच वर गेली. जीप नळदुर्गच्या दिशेनं निघून गेली. रस्ता रुंद व्हायला कुणाचीच ना नव्हती. पण झाड आधी पाडायचं आणि रस्ता मात्र सहा-सहा महिने तसाच पडून राहू द्यायचा, ही अक्कल कुणाची, हे विचारलं की काच वर जाते.

गॅरेज मल्लिनाथचं, भांडत होती मथुराबाई. तिच्या टँकरचा ट्रॅक्टर इथं इंजिन उघडून पडला होता आणि वैशाखात तीन वस्त्या त्या टँकरच्या पाण्यावर होत्या.

“अप्पा, तुमी एक शब्द बोलला न्हाईत त्याला.”

 मल्लिनाथ अंगणातल्या लोखंडी टेबलापाशी उभा होता. टेबलावर तीन पिस्टन मांडलेले. दाराच्या चौकटीत ठेवलेल्या डब्यातून त्यानं नवी पिन काढली, एक पिस्टन हातात घेतला आणि पिन त्याच्या भोकात धरली. ती सरळ आरपार गेली आणि खालच्या पोत्यावर पडली.

त्यानं ती उचलली, पुसली, तेलाचं बोट फिरवून पुन्हा घातली. पुन्हा पडली. दुसऱ्या पिस्टनमधूनही पडली. तिसऱ्यातूनही.

ही पिन पिस्टनला रॉडशी जोडते. ढिली राहिली तर इंजिन टकटक करतं, मग एक दिवस सिलिंडरच खराब होतो. थंड पिस्टनमध्ये ती अंगठ्याच्या जोरानं जावी, स्वतःच्या वजनानं जाऊ नये. उभ्या आयुष्यात मल्लिनाथनं हेच बघितलं होतं, आणि काल पहाटे तिन्ही पिना त्यानं अशाच बसवून बघितल्या होत्या. अंगठा लाल होईपर्यंत दाबाव्या लागल्या होत्या. निदान त्याला तसं वाटलं होतं.

त्यानं अंगठा तर्जनीवर घासून बघितला. साखरेच्या आजारानं बोटांची टोकं संक्रांतीपासून बधिर झाली होती. हे त्यानं बायकोला, महानंदालाही सांगितलं नव्हतं. तिनं ऐकलं असतं तर दुसऱ्याच दिवशी शटर ओढलं असतं. अंगठ्यात मात्र अजून जीव आहे, या भरवशावर तो काम करत होता. आता तो भरवसाही पोत्यावर पडला होता. आणि तेव्हापासून ह्याच अंगठ्यानं तपासून किती इंजिनं बाहेर गेली होती!

“बाई,” तो म्हणाला, “ट्रॅक्टर सोलापूरला न्या.”

“काय झालं?”

“माझ्यानं व्हायचं न्हाय.”

“काल तर म्हणला, पिना बसल्या!”

“कालचं कालला. आज न्हाय बसत.”

“अय्यो! मग मी वस्तीवरच्या लोकास्नी पाणी काय ओंजळीनं नेऊ?” मथुराबाई टेबलाकडं आली. “एवढूसा तुकडा बसंना म्हनं. बघू आना इकडं.”

तिनं त्याच्या हातातला पिस्टन हिसकावला आणि किंचाळली.

“अगं आई! तवा हाय का काय ह्यो!”

पिस्टन तिनं जवळच्या बादलीत टाकला. पाण्याचा फवारा उडाला.

“पाण्यात न्हाय, बाई, पाण्यात न्हाय!” मल्लिनाथ धावला.

“माझ्याच टँकरचं पाणी हाय, तुमचं काय जातंय?” बोटं तोंडात घालून ती ओरडली.

बादलीत हात घालता घालता मल्लिनाथ थांबला. त्यानं वर बघितलं. पूर्वी ह्या टेबलावर दिवसभर लिंबाची सावली असायची. झाड गेल्यावरचा हा पहिलाच उन्हाळा; लोखंड सकाळपासून तापत होतं आणि त्यावर ॲल्युमिनियमचे पिस्टन. पिना मात्र चौकटीत, थंड डब्यात. तापलेल्या पिस्टनचं भोक पसरतं. शिकाऊ असताना पिन सहज जावी म्हणून तो स्वतः पिस्टन उकळत्या पाण्यात घालायचा.

त्यानं उरलेले दोन पिस्टन फडक्यात धरून आत नेले, ओल्या पोत्याखाली ठेवले. बादलीतला काढला, पुसून कोरडा केला, तेल लावलं.  मथुराबाईनं शेजारच्या हॉटेलातून दोन चहा मागवले. पिस्टन निवेपर्यंत दोघांनी ते आतल्या अंधारात प्याले.

मग त्यानं पिन भोकाच्या तोंडाशी धरली. हात काढला. पिन तशीच राहिली.

त्यानं अंगठा लावला. दाबला. आणखी दाबला. पिन एका लयीत आत सरकली, मध्ये न अडकता, न निसटता. दुसरी तशीच. तिसरीही.

मल्लिनाथ जमिनीवरच बसला. खांदे खाली आले. हसू आलं, ते थांबेना.

“बसली?”

“बसली बाई. कालच बसलीती.”

“मग मला सोलापूर कशापायी दावत होता?”

तो कामाला लागला. आता हात हलके झाले होते. रॉडच्या टोकातल्या पितळी बुशांमध्ये पिना घालून बघितल्या. दोन बुशांत तेलासकट अलगद सरकल्या. तिसऱ्यात किंचित अडली. त्यानं भोक तासायचा रिमर उचलला, एक फेर दिला, पुसून पुन्हा बघितलं. अजून अर्धा फेर. आता तीही अंगठ्याखालून मऊ उतरली. एवढंसं अडणंही अंगठ्यानं पकडलं होतं.

“सांजच्याला जोडून देतो,” तो म्हणाला. “उद्या टँकर भरा.”

मथुराबाई खूश झाली. फोड आलेल्या बोटांवर फुंकर घालत ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच वळली. तिची नजर त्याच्या हातांवर होती.

“अप्पा, मी एक डाव धरला तर फोड आले. तुमी ते तीनबी पिस्टन उघड्या हातानं धरून पिना घालत हुता.”

मल्लिनाथनं रिमर फडक्यानं पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

“तुमाला कसं भाजलं न्हाय? खाली काय बघताव, मला सांगा.”