सगळ्यांची डोकी

मी एक जुनी फणी आहे, आणि मित्रांनो, खरं सांगू का, आता मी दमले आहे. मला कंगवा म्हणू नका. कंगवा भांग पाडतो, आरशासमोर मिरवतो. माझ्या वाट्याला आल्या त्या उवा. माझे दात पोलादी आहेत आणि इतके जवळजवळ, की लीखसुद्धा निसटू नये. कारखान्यात ते बसवणाऱ्या बाईने मला उजेडात धरून पाहिलं आणि ती म्हणाली, "हिच्या तावडीतून कोण सुटतंय!" जन्मल्या जन्मल्या झालेलं ते कौतुक मी अजून विसरलेले नाही.

औषधांच्या दुकानातून एका आईने मला घरी आणलं. ही आई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुते. दिवसभर डोक्यावर कापडी टोपी आणि हात साबणाने सोललेले. तिची मुलगी नऊ वर्षांची. सारखी गोल गोल फिरते म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. तिच्या कंबरेपर्यंत दोन वेण्या. ती फिरली की वेण्याही फिरत. त्या वेण्यांत तिचा सगळा जीव.

पहिल्या दिवशी मी एकोणीस उवा काढल्या. "अगं बाई, काय गुणाची फणी आहे!" आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी खणात, बटणं आणि संपलेल्या सेलच्या शेजारी. केसांना घट्ट चिकटलेल्या लिखांकडे कोणी पाहिलंच नाही. आठवड्याभरात त्यांतून पिल्लं बाहेर आली आणि मला पुन्हा शोधण्यात आलं. पुन्हा कौतुक, पुन्हा खण. वर्षभर हेच. माझी लाल मूठ फिकी पडली, एक दात वाकला, पण उवा काही संपेनात.

मग शाळेत बाकावरची मैत्रीण डोकं लांब धरून बसायला लागली. "घाणेरडी" असा शब्द कोणीतरी उच्चारला आणि भिंगरी रडत घरी आली. शेजारीण म्हणाली, "रॉकेल चोळा, एका दिवसात खेळ खलास." बाबांनी बाटली आणलीही होती. नशीब, त्याच आठवड्यात शाळेत नर्सबाई आल्या आणि त्यांनी आईला बोलावून घेतलं.

"रॉकेलला हात लावाल तर खबरदार! कातडी भाजेल, डोकं पेट घेईल," त्या म्हणाल्या. "आणि तू गं, रडतेस कशाला? उवांना स्वच्छ डोकंही चालतं. त्या उडत नाहीत, उड्या मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात." मग त्यांनी आईला औषध लिहून दिलं. ते सांगितल्याप्रमाणे लावायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं. दर तीन दिवसांनी केस ओले करून मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवायची, असं दोन आठवडे. "आणि घरातल्या सगळ्यांची डोकी बघा. सगळ्यांची, एकाच दिवशी!"

आईने शब्दन् शब्द पाळला. मांडीवर पांढरा टॉवेल, हातात मी. आधी भिंगरी, मग तिचा धाकटा भाऊ, मग बाबा. बाबांच्या टकलावर उवा सोडाच, मला केस शोधावे लागले! दर वेळी मला कढत पाण्यात बुडवून ठेवत. दोन आठवड्यांनी टॉवेल कोरा निघाला. "सुटलो एकदाचे," आई म्हणाली.

पाचव्या दिवशी भिंगरीने डोकं खाजवलं.

आईने कपाळाला हात लावला. ती रागावली नाही, ओरडली नाही. "आता माझ्याने होत नाही गं," एवढंच म्हणाली. "रविवारी वेण्या कापू." त्यानंतर भिंगरी घरात फिरेनाशी झाली. वेण्या मुठीत धरून ती नुसती बसून राहायची.

मित्रांनो, मला कारण माहीत होतं. आई माझ्याच मुठीने मानेमागे खाजवायची आणि म्हणायची, "या मेल्या टोपीने घाम येतो." आणि मायलेकींची उशी एकच. पण मला दात आहेत, जीभ नाही.

रविवारी सकाळी आईने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, स्टूल मांडलं, कात्री घेतली. भिंगरी मला घट्ट धरून उभी होती.

"आई, सगळ्यांची डोकी बघा म्हणाल्या होत्या ना नर्सबाई? तुझं कोणी बघितलं?"

"माझं? माझं कशाला? मीच बघते की सगळ्यांची."

"मग सगळ्यांत तू नाहीस?"

कात्री खाली ठेवून आई स्टुलावर बसली आणि तिने अंबाडा सोडला. त्या केसांवर दुसऱ्या कोणाचा हात कित्येक वर्षांत फिरला नव्हता. भिंगरीने तिच्या खांद्यांवर पांढरा टॉवेल टाकला, केस ओले केले, मला मुळाशी टेकवलं आणि हळूच ओढलं. टॉवेलवर एक ऊ पडली. मग तीन. मग मोजण्यात अर्थ उरला नाही.

"म्हणजे मीच तुला देत होते गं," आई टॉवेलकडे बघत म्हणाली.

"हलू नकोस. मान खाली," भिंगरी म्हणाली, अगदी आईच्या सुरात. आईने मुकाट्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने तिचे खांदे सैल पडले आणि डोळे मिटले. त्या दिवशी मी जरा सावकाशच फिरले.

नर्सबाईंना विचारून दोघींनी एकाच दिवशी औषध लावलं. पुन्हा दोन आठवडे मी राबले. पण या वेळी पाचवा दिवस गेला, महिना गेला, आणि वेण्या पुन्हा गोल फिरू लागल्या.

आता मी खणात आहे आणि मला इथेच पडून राहायचं आहे. म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. उवा झाल्या तर लपवू नका, कोणाला हिणवू नका, आणि दोन आठवडे होण्याआधी मला खणात टाकू नका. तुमच्याही घरात सगळ्यांची डोकी बघणारं कोणीतरी असेल. तिच्या हातातून मला एकदा काढून घ्या आणि म्हणा, "बस इथे. आता तुझी पाळी."