एकवीस पायऱ्या

“कोणती पायरी कुणाची, ते पाठ कर सगुणे. एक जरी चुकली तरी अख्ख्या घराचं नाव पुसलं,” सासू जाळं वाळत घालताना सांगायची.

जालन्याच्या जुन्या छावणीमागं साहेबतळं. गोऱ्या पलटणीला मासळी पुरवायला भोई आणून वसवले, तेव्हा जाळं वाळवायला घाटावर घरटी एक पायरी नेमून दिली. कुणी आपल्या पायरीवर कासव कोरलं, कुणी त्रिशूळ, कुणी नुसत्या दोन रेघा. एकवीस खुणा. त्या ओळखणारी आता एकटी सगुणाबाई उरली होती, आणि घाटावर नवी फरशी बसणार होती.

फरशीआधी जुन्या खुणांची नोंद घ्यायला सरकारी पाहणीवाले आले तो नेमका श्रावणी सोमवार. तान्हा मुलगा देवानंद तापातून उठला, तेव्हापासून तीस वर्षं श्रावणातल्या सोमवारी दिवस मावळेपर्यंत सगुणाबाईचं मौन असायचं. “मावशी, या खुणा कसल्या?” त्यांनी विचारलं. ‘आज नाही’ म्हणून तिनं मान हलवली. त्यांनी लिहून नेलं, माहीतगार कोणी नाही.

“वा गं काकू!” पुतण्या कल्याण म्हणाला. “वर्षभर आमचं डोकं खातीस, अन् सरकार विचाराया आल्तं तर गप!”

पाहणीवाल्यांतली तृप्ती मंगळवारी परत आली. “आजी, मोठे साहेब एकदाच येणार, येत्या सोमवारी सकाळी. मी लिहून दिलेलं चालत नाही. जाणतं माणूस समोर लागतं, नाहीतर पायऱ्यांवर फरशी बसेल.”

तोही श्रावणातलाच सोमवार होता. “येते म्हणून सांग,” सगुणाबाई म्हणाली.

मग आठवडाभर तिला घास गोड लागला नाही. त्या मौनावरच लेकाचा जीव उभा आहे, असं तिच्या मनानं घेतलेलं. रविवारी तिनं जाफराबादला फोन लावला. देवानंद तिथं जीप चालवायचा.

“उद्या गाडी काढू नको.”

“का गं आई?”

“उद्या मी बोलणार हाय.”

तो हसला. “तू बोललीस म्हणून जीप पलटी व्हनार व्हय?” मग म्हणाला, “बरं, न्हाई काढत. बिलकुल न्हाई. तू बोल.”

सोमवारी तिनं पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. सवयीनं ओठ मिटले होते.

“महादेवा, रागवायचं तर माझ्यावर रागव.” स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

डोक्यावर पदर घेऊन तिनं दार ओढलं आणि ती घाटाकडं चालू लागली.